लाटेच्या माथ्याचं गणित

भर समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म उभारायचा ठरला की त्याचा डेक पाण्यापासून किती उंचीवर ठेवायचा, हे फार लवकर ठरवावं लागतं. डेक वर न्यावा तर पोलाद वाढतं, खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोर पायथ्याशी जास्त जाणवतो. खाली ठेवावा तर वादळात लाटेचा माथा थेट डेकच्या तुळयांवर आदळतो. प्लॅटफॉर्मचे पाय नळ्यांचे असतात, त्यांच्यामधून पाणी वाट काढून निघून जातं. डेकची सगळी रुंदी मात्र पाण्याला आडवी येते, आणि माथा डेकला लागला त्या क्षणी सगळ्या सांगाड्यावरचा भार एकदम वाढतो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या नियमावलीत अनेक वर्षं एक सरळ सूचना होती : शंभर वर्षांतून सरासरी एकदा गाठला जाईल असा माथा काढा, त्याच्या वर किमान दीड मीटर मोकळी जागा सोडा आणि तिथून डेक सुरू करा. या मोकळ्या जागेला एअर गॅप म्हणतात.

एकदा सोडलेली ही जागा कायम राहीलच असं नाही. उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात तेल आणि वायू उपसता उपसता समुद्रतळच खचत गेला. तळाबरोबर प्लॅटफॉर्मही खाली जाऊ लागले. शेवटी १९८७ साली तिथल्या पोलादी प्लॅटफॉर्मचे डेक जॅक लावून उचलले आणि तब्बल सहा मीटर वर नेले. एवढा खटाटोप कशासाठी, तर लाटेचा माथा आणि डेकची तुळई यांच्यात हवा राहावी म्हणून.

पण मुळात माथा किती उंच जाईल, हा आकडा येतो कुठून? आणि तो पायावर किंवा डेकवर आदळला तर भार किती येईल, हे कोण सांगतं? समुद्रातल्या उभट लाटा आणि त्यांच्या वाटेत उभी असलेली बांधकामं यांचं संगणकावरचं गणित हा या पुस्तकाचा विषय या दोन प्रश्नांतून निघाला आहे. पुढची पानं चाळण्याआधी वाचकाने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी असं मला कळकळीने वाटतं. लाटेचं प्रत्येक गणित काही ना काही वगळूनच उभं राहतं. कुणी श्यानता वगळतं, कुणी हवा वगळतं, कुणी फुटणारी लाट वगळतं. वगळल्याशिवाय गणित पुरं होत नाही, त्यात गैर काही नाही. पण काय वगळलं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने आलेल्या आकड्यावर डेकची उंची ठरवू नये.

सुरुवात जॉर्ज एअरी यांच्यापासून करायची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. १८४० च्या दशकात त्यांनी मांडलेला रेषीय सिद्धांत लाटेची उंची तिच्या लांबीच्या मानाने अगदी लहान आहे असं धरून चालतो. त्यात माथा जेवढा वर जातो तेवढाच खळगा खाली जातो. या सिद्धांताने किती काय मिळतं ते पाहा. दर १२ सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे २२५ मीटर लांब असते आणि तिचा माथा ताशी ६७ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. पाणी स्वतः एवढं पळत नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. लाटेच्या अर्ध्या लांबीइतकं खाली गेलं की हे फिरणं पृष्ठभागावरच्या जेमतेम चार टक्के उरतं. जहाजं कशी हेलकावतील, बंदरात किती लाट शिरेल, अशा असंख्य प्रश्नांची पहिली उत्तरं आजही याच गणिताने काढली जातात.

गणित बिनसतं ते लाट उभट झाली की. उंची भागिले लांबी हे गुणोत्तर वाढू लागलं की माथा आणि खळगा यांची बरोबरी सुटते. जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांनी १८४७ साली हे दाखवून दिलं : माथे टोकदार होत जातात, खळगे पसरट होत जातात. एक उदाहरण करून पाहू. २५० मीटर लांबीची लाट घ्या. रेषीय हिशेबात तिचा माथा स्थिर पाण्यापासून १२ मीटर वर आणि खळगा १२ मीटर खाली आहे असं समजा. स्टोक्सची फक्त पहिली दुरुस्ती लावली की माथा १३.८ मीटरवर जातो आणि खळगा १०.२ मीटरवर थांबतो. एकूण उंची तीच २४ मीटर राहिली, पण माथा १.८ मीटरने वर सरकला. वर आपण सोडलेली जागा दीड मीटर होती. म्हणजे एका वगळलेल्या पदाने एअर गॅप पुरती संपवली आणि वर ३० सेंटिमीटर पाणी डेकच्या तुळईवर आणलं. प्रत्यक्षात कुणी एवढ्या भोळेपणाने डेक बांधत नाही. स्टोक्सचं पाचव्या पदापर्यंतचं गणित १९६० पासून अभियंत्यांच्या हाताशी तयार आहे. पण उभटपणा म्हणजे काय आणि तो कुठे बोचतो, हे या १.८ मीटरमध्ये दिसतं.

उभटपणाला हद्दही आहे. १८८० साली स्टोक्स यांनीच दाखवलं की नियमित लाटेचा माथा फार तर १२० अंशांच्या कोनापर्यंत टोकदार होऊ शकतो. १८९३ मध्ये मिशेल यांनी त्यावरून खोल पाण्यातल्या लाटेची कमाल उंची काढली : लांबीच्या साधारण एक सप्तमांश. त्यापलीकडे माथ्यावरचं पाणी लाटेपेक्षा जास्त वेगाने धावू लागतं, लाट फुटते, आणि सुबक सूत्रांचं राज्य तिथे संपतं.

हे सगळं एकामागोमाग एक येणाऱ्या सारख्या लाटांचं झालं. खरा समुद्र असा नसतो. वादळात वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या दिशांच्या लाटा एकमेकींवर चढत असतात, आणि आपण बोलतो ते सांख्यिकीच्या भाषेत. अर्थपूर्ण लाटउंची म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी. ती माहीत असली की तीन तासांच्या वादळात, म्हणजे सुमारे नऊशे लाटांमध्ये, सगळ्यांत मोठी लाट तिच्या पावणेदोन ते दोन पट निघेल असा अंदाज बांधता येतो.

या अंदाजाची कसोटी १ जानेवारी १९९५ रोजी लागली. नॉर्वेच्या हद्दीत सुमारे ७० मीटर खोल पाण्यात द्राउप्नर नावाचं वायुवाहिन्यांचं केंद्र आहे. तिथलं नवं जॅकेट, म्हणजे प्लॅटफॉर्मचा नळ्यांचा सांगाडा, समुद्रतळात रुतवलेल्या उलट्या बादलीसारख्या पायांवर उभं केलं होतं. तशी रचना नवी असल्यामुळे तिच्यावर बरीच मापकयंत्रं बसवली होती, आणि त्यांत डेकखालून पाण्याकडे रोखलेला एक लेसरही होता. त्या दुपारी वादळ जोरात होतं, अर्थपूर्ण लाटउंची सुमारे १२ मीटर. वीस मिनिटांची नोंद घेतली जात होती. नोंदीचा आलेख पाहिला तर सुरुवातीला रेघ पाच-सहा मीटर वर, पाच-सहा मीटर खाली अशी झुलत राहते, खवळलेल्या उत्तर समुद्रात दिसावी तशीच. मग अचानक एकच सुळका येतो, स्थिर पाण्यापासून १८.५ मीटर उंच. खळग्यापासून माथ्यापर्यंत २५.६ मीटर. त्याच्या आजूबाजूला त्याच्या जोडीचं काहीही नाही, आणि त्यानंतर रेघ पुन्हा पूर्वीसारखी झुलू लागते. डेकखालच्या तात्पुरत्या मचाणावरच्या सामानाची थोडी मोडतोड झाली होती, त्यामुळे लेसरने दाखवलेला माथा खराच तिथवर आला होता याबद्दल शंका राहिली नाही.

वर्तमानपत्रांनी तिला राक्षसी लाट म्हटलं. मला ते नाव आवडत नाही, कारण ते मोजता येणारी गोष्ट दंतकथेत ढकलतं. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर या लाटेतून फार मोलाची गोष्ट हाती लागते. रेषीय समुद्राच्या सांख्यिकीने २५.६ मीटर उंची तपासा : अशी लाट सुमारे नऊ-दहा हजारांत एक. दुर्मीळ खरी, पण जगावेगळी नाही. एक-दीड दिवस ते वादळ तसंच राहिलं असतं तर एवढी एक लाट येणं नवलाचं नव्हतं. आता त्याच सांख्यिकीने १८.५ मीटरचा माथा तपासा. उत्तर येतं कोट्यवधींत एक. एकाच लाटेची उंची पटण्याजोगी आणि माथा अशक्यप्राय, हे कसं? कारण रेषीय गणित उंचीचे दोन सारखे भाग करतं, आणि समुद्राने ते तसे केले नव्हते. इथेही तेच वगळलेलं पद आहे, फक्त आता ते सांख्यिकीच्या पोटात लपलं आहे.

ते पद परत आणूनही द्राउप्नरचं कोडं पुरतं सुटलं नाही. मोठ्या लाटांच्या गटाखाली सरासरी पाणीपातळी किंचित खाली दबली जाते असं सिद्धांत सांगतो. द्राउप्नरच्या नोंदीत ती उलट वर उचललेली दिसली. २०११ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रश्न मांडला : ही लाट एकमेकींना मोठ्या कोनात छेदणाऱ्या दोन लाटमालांमधून उठली असेल का? २०१९ मध्ये एडिनबराच्या फ्लोवेव्ह टाकीत त्याची प्रत्यक्ष पडताळणी झाली. ही टाकी गोल आहे, २५ मीटर व्यासाची, कडेने १६८ फळ्या बसवलेली, त्यामुळे कुठल्याही दिशेने लाट सोडता येते. एकाच दिशेने येणाऱ्या लाटा १:३५ प्रमाणात द्राउप्नरच्या माथ्याएवढ्या चढवू गेलं की त्या आधीच पुढे कोसळून फुटत. दोन लाटमाला सुमारे १२० अंशांत छेदायला लावल्या तेव्हा फुटण्याची तऱ्हाच बदलली. पाणी पुढे कोसळण्याऐवजी उभं वर उसळलं आणि माथा तेवढा उंच गेला. लाट कुठवर चढेल हे तिच्या उभटपणाइतकंच तिच्या फुटण्याच्या पद्धतीवर ठरतं, हे त्या टाकीत स्पष्ट दिसलं. एका दिशेच्या नियमित लाटांवर बेतलेल्या हद्दी तशाच्या तशा खऱ्या समुद्राला लावणाऱ्यांनी हा प्रयोग नीट वाचायला हवा.

आता भाराकडे येऊ. १९५० साली कॅलिफोर्नियात मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी समुद्रातल्या खांबावरच्या बलासाठी एक सूत्र मांडलं. पाण्याच्या त्वरणामुळे येणारं बल अधिक पाण्याच्या वेगाच्या वर्गामुळे येणारं ओढबल, आणि दोन्हींसाठी प्रयोगातून काढलेला एकेक गुणांक. खांब लाटेच्या लांबीच्या मानाने बारीक असला की हे सूत्र कमालीचं उपयोगी पडतं, आणि जगातली बहुतेक जॅकेट त्याच्याच जोरावर उभी आहेत. पण त्यात द्यायचा वेग तर लाटेच्या गणितातून यायचा. रेषीय सिद्धांत स्थिर पाणीपातळीच्या वर काय होतं ते सांगतच नाही, आणि सर्वांत जास्त वेग असतो तो तिथेच, माथ्यात. खालचं सूत्र वर ताणून नेलं तर आखूड लाटांच्या घटकांमुळे वेग भलताच फुगतो. म्हणून ते दाबण्याच्या वेगवेगळ्या युक्त्या निघाल्या, त्यांतली १९७० सालची व्हीलर यांची युक्ती आजही वापरात आहे. युक्ती म्हणूनच ती वापरावी.

जाड खांबांनी वेगळंच काही समोर आणलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत द्राउगेन आणि हाइद्रुन या प्लॅटफॉर्मच्या प्रतिकृतींची टाकीत चाचणी चालू असताना दिसलं की उभट लाट गेल्यावर सांगाडा एकदम थरथरू लागतो आणि बराच वेळ थरथरत राहतो. घंटेवर एकच टोला पडावा आणि ती घुमत राहावी, तसं. याला रिंगिंग म्हणतात. अशा बांधकामांचा नैसर्गिक आवर्तकाल चार-पाच सेकंदांचा असतो, वादळी लाटांचा बारा ते पंधरा. रेषीय गणितात दोघांची गाठच पडत नाही. पण उभट लाटेच्या बलात तिच्या आवर्तकालाच्या एक तृतीयांशाने येणारा एक घटक असतो, आणि बारा-पंधराचा तृतीयांश चार-पाच होतो. आकाराने हा घटक किरकोळ असला तरी सांगाड्याची दुखरी जागा त्याला नेमकी सापडते. १९९५ साली फाल्टिन्सेन, न्यूमन आणि विन्ये यांनी या घटकाचं गणित बांधलं. तेलाच्या प्लॅटफॉर्मसाठी केलेलं ते काम आता समुद्री पवनचक्क्यांच्या कामी येतं आहे, कारण सहा ते दहा मीटर व्यासाच्या एकाच खांबावर उभ्या पवनचक्कीचा नैसर्गिक आवर्तकालही साधारण तेवढाच पडतो.

अशा खांबावर उभट लाट आदळते तेव्हा काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. माथा खांबाला लागतो. समोरच्या अंगाला पाणी अडतं आणि वर चढतं. माथ्यातल्या पाण्याचा वेग सेकंदाला १० मीटर असेल तर निव्वळ त्या वेगावर ते आणखी सुमारे ५ मीटर चढू शकतं. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह पवनक्षेत्रात खांबांवरच्या ये-जा करायच्या मचाणांना अशाच चढलेल्या पाण्याने इजा केली. अडलेलं पाणी मग दोन्ही बाजूंनी खांबाला वळसा घालतं. एव्हाना माथा पुढे गेलेला असतो, मागच्या अंगाला खळगा उतरत असतो, आणि वळसा घालून आलेले दोन्ही प्रवाह तिथे एकमेकांवर आपटतात. पाण्याची एक कड मागून वर उठते. बलाच्या आलेखात मुख्य शिखरानंतर साधारण पाव आवर्तकालाने एक छोटा उंचवटा दिसतो. ग्रू आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये, चॅपलिन, रेनी आणि येम यांनी १९९७ मध्ये तो प्रयोगात टिपला. तो मागच्या आपटण्यामुळे येतो की आणखी कशामुळे, आणि रिंगिंगला त्याचा हातभार किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण विद्यार्थ्याला हा विषय संपलेला वाटू नये.

लाट खांबाला लागण्याआधीच फुटत असेल तर आणखी एक बल येतं, क्षणभराचा तडाखा. त्याचं गणित समुद्री विमानांकडून आलं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या तळाला बसणारा धक्का थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२९ मध्ये आणि हर्बर्ट वाग्नर यांनी १९३२ मध्ये मोजायचा प्रयत्न केला. गोल खांबाला त्यांची सूत्रं लावली तर दोघांच्या उत्तरांत बरोबर दुपटीचा फरक पडतो. वाग्नर यांनी आदळताना कडेने चढणारं पाणी हिशेबात धरलं होतं, फॉन कार्मान यांनी ते वगळलं होतं.

इथवरची कहाणी सूत्रांची. संगणक आला आणि सूत्र जिथे थकतं तिथून पुढे लाट पावलापावलाने चालवता येऊ लागली. १९७६ साली लाँगे-हिगिन्स आणि कोकेलेट यांनी पाण्याच्या पृष्ठभागाची फक्त रेघ घेतली. पाणी श्यान नाही, त्यात भोवरे नाहीत असं धरलं, तर पृष्ठभागावर काय चाललं आहे ते कळलं की आतल्या सगळ्या पाण्याचं कळतं. त्यामुळे रेघेवरचे बिंदू तेवढे पुढे सरकवत न्यायचे. लाट चढते, माथा पुढे झुकतो, त्यातून पाण्याची जीभ बाहेर पडते, असं सगळं त्यांच्या आकृत्यांत उमटलं. ती जीभ पुढच्या पाण्याला टेकली की गणित थांबतं. पुढचं त्याच्या आवाक्यातच नाही. याच मार्गाने वाढलेल्या पद्धती आज मोठ्या समुद्रपट्ट्यातल्या अरेषीय लाटा तासन् तास चालवतात, आणि न फुटणाऱ्या लाटेसाठी त्यांच्यासारखं अचूक आणि स्वस्त दुसरं काही नाही असं माझं मत आहे.

फुटणाऱ्या लाटेसाठी पाणी आणि हवा दोन्हींचे कप्पे करावे लागतात. लॉस अलामॉसमध्ये हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये कप्प्यांच्या जाळीत खुणेचे कण सोडून पृष्ठभाग शोधला. १९८१ मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी त्याहून साधी कल्पना मांडली : प्रत्येक कप्प्यात पाण्याचा अंश किती, एवढाच आकडा ठेवायचा. पूर्ण पाणी असेल तर एक, पूर्ण हवा असेल तर शून्य. मधला आकडा दिसला की तिथे पृष्ठभाग आहे. आज ओपनफोमसारख्या मोफत संगणकप्रणालीतही हेच चालतं. वेगळ्या वाटेने आलेली कणपद्धती तर मुळात १९७७ साली ताऱ्यांच्या अभ्यासासाठी बनली होती. १९९४ मध्ये मोनॅगन यांनी ती मुक्त पृष्ठभागाच्या पाण्याला लावली, आणि उडणारे तुषार दाखवण्यात ती जाळीच्या पद्धतींपेक्षा मोकळी आहे.

कप्प्यांच्या पद्धतीतला धोका कळायला अर्ध्या भरलेल्या एका कप्प्याकडे पाहावं. समुद्राचं पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड, आणि दोघांना एकाच कप्प्यात एकच वेग दिलेला. तिथे हवेचे खोटे वेग निर्माण होतात, ते माथ्याला ओढतात, आणि माथ्यातलं पाणी खऱ्यापेक्षा वेगवान दिसू लागतं. दुसरीकडे जाळी जाडीभरडी असेल तर लाट चालता चालता विनाकारण खचत जाते. म्हणजे बांधकामापाशी पोचलेली लाट खऱ्यापेक्षा बुटकी आणि तिचा माथा खऱ्यापेक्षा वेगवान, असं होऊ शकतं. दोन चुका उलट दिशेच्या, म्हणून एकूण बल प्रयोगाशी छान जुळूनही येतं. अशा जुळलेल्या आलेखाइतकी फसवी गोष्ट या विषयात दुसरी नाही. बल जुळलं म्हणून थांबू नका, बांधकाम काढून घेऊन त्या जागी लाट कशी येते ते आधी तपासा, असा आग्रह पुढच्या प्रकरणांत वारंवार येईल.

मग सगळं वादळच पूर्ण समीकरणांनी का चालवू नये? हिशेब करून पाहा. पाचशे मीटर लांब, दोनशे रुंद आणि शंभर उंच असा चौकोनी भाग घेऊन अर्ध्या मीटरचे कप्पे केले तर ते आठ कोटी होतात. सेकंदाला वीस मीटर धावणारं पाणी एका पावलात अर्ध्या कप्प्याहून पुढे जाऊ द्यायचं नसेल तर पाऊल एक सेकंदाच्या ऐंशीव्या भागाचं ठेवावं लागतं. तीन तासांच्या वादळाला ८ लाख ६४ हजार पावलं. आठ कोटी कप्पे, प्रत्येक पावलाला. आणि सांख्यिकीसाठी असं एक वादळ पुरत नाही, शेकडो लागतात. म्हणून १९९१ साली ट्रोमान्स आणि सहकाऱ्यांनी पुढे आणलेली न्यूवेव्ह ही कल्पना इतकी रुजली : एखाद्या वादळात ठरावीक उंचीचा माथा येतो तेव्हा त्याच्या आजूबाजूचा समुद्र सरासरीने कसा असतो, तेवढाच लाटगट घ्या आणि नेमका बांधकामापाशी उभा करा. तीन तासांच्या वादळाऐवजी काही मिनिटांचा समुद्र चालवला की पुरतं. तरी इथेही काहीतरी सुटतंच. सर्वांत उंच माथा सर्वांत मोठं बल देईल असं नाही. त्याच्याहून थोडी बुटकी पण खांबाच्या तोंडाशी फुटणारी लाट जास्त जोराचा तडाखा देऊन जाते.

या सगळ्या पद्धतींची एक आंधळी परीक्षा ब्रिटनमध्ये २०१८ साली झाली. प्लिमथच्या टाकीत जहाजाच्या आकाराच्या एका पक्क्या बसवलेल्या ठोकळ्यावर एकवटलेल्या लाटा सोडल्या गेल्या. वेगवेगळ्या देशांतल्या गटांना ठोकळ्याशिवायच्या लाटांची मोजमापं तेवढी दिली, आणि ठोकळ्यावरचा दाब व त्याच्यापाशी चढणारं पाणी निकाल न पाहता सांगायला लावलं. साध्या पद्धतींपासून पूर्ण समीकरणांपर्यंत सगळे उतरले होते, आणि संगणकाला लागलेल्या वेळात जमीन-अस्मानाचा फरक होता. मी त्यातून घेतलेला धडा असा : येणारी लाट नीट उभी करता आली नाही, तर पुढे कितीही महागडं समीकरण लावून उपयोग होत नाही. अशा परीक्षा वारंवार व्हायला हव्यात.

टाकी मात्र कालबाह्य होत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून लाटरोधक भिंतींची परीक्षा घेतली जाते. १९१६ पासूनची ती संस्था आहे. टाकीतल्या लाटेला कुठलंही पद वगळता येत नाही, हा तिचा मोठा गुण. तिची अडचण वेगळी आहे. प्रतिकृती लहान केली तरी फुटणाऱ्या लाटेत अडकलेल्या हवेचे बुडबुडे आणि हवेचा दाब त्या प्रमाणात लहान होत नाहीत. तडाख्याचा दाब टाकीतून खऱ्या भिंतीवर नेताना म्हणूनच जपावं लागतं, आणि नेमक्या याच ठिकाणी संगणकाची मदत होते.

आपल्याकडे हा विषय लांबचा नाही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय क्षेत्रात सागर सम्राट या तेलविहिरी खोदणाऱ्या प्लॅटफॉर्मने १९७४ मध्ये तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुंबई हायची सुरुवातीची जॅकेट आता म्हातारी झाली आहेत. त्यांचं आयुष्य वाढवायचं तर पोलाद किती गंजलं एवढं पाहून भागणार नाही, ज्या माथ्यासाठी डेक बसवला तो आकडाही आजच्या ज्ञानाने पुन्हा काढावा लागेल. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात याच क्षेत्रात पी-३०५ हा निवासी बार्ज नांगर सुटून वाहवत गेला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. त्या मृत्यूंचा जाब समीकरणांना विचारता येणार नाही, ते निर्णय माणसांचे होते. पण नांगराच्या साखळ्या, बार्ज आणि शेजारचं जॅकेट हे सगळं उभट लाटांत एकत्र कसं वागेल याचं गणित मांडता येतं. ते वादळाच्या आधी मांडलेलं असावं, आणि निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर असावं.

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच दिवशी दोन निर्णय घेतले. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांपासून आत समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनऊर्जेसाठी मदत, आणि पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर : ७६,२२० कोटी रुपये खर्चाचं, १०.१४ किलोमीटर लांबीच्या लाटरोधक भिंतीचं. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे, आणि त्या वादात उतरायची ही जागा नव्हे. पण ती भिंत उभी राहिली की लाटा कुठे वळतील, कुठे फुटतील, वाळू कुठे साचेल, हे सांगणारे अहवाल संगणकाच्या आकड्यांनी भरलेले असतील. ते आकडे डहाणूच्या गावसभेतही चर्चेला येतील, मराठीत. तिथे उभं राहून कुणी विचारलं की या गणितात लाट फुटू दिली होती का, जाळी किती बारीक होती, येणारी लाट कोणत्या मोजमापावरून घेतली, तर त्याला उत्तर मिळायला हवं. हे पुस्तक मराठीत असण्याचं मला सर्वांत पटणारं कारण ते आहे.

बारावीपर्यंतचं कलनगणित येत असेल तर पुस्तकाचा पहिला अर्धा भाग सहज वाचता येईल. दुसऱ्या अर्ध्यासाठी थोडं प्रोग्रॅमिंग लागेल, आणि घरच्या लॅपटॉपवर चालतील अशीच उदाहरणं निवडली आहेत. पहिलं प्रकरण संगणकापासून सुरू होत नाही, ते लाटमापकाच्या कच्च्या नोंदी कशा वाचायच्या तिथून सुरू होतं. घाई असलेल्यांना ते ओलांडून थेट जाळीच्या प्रकरणाकडे जावंसं वाटेल. माझी विनंती आहे की त्यांनी तसं करू नये.